एका हाताची सेटिंग

दिवाळी अंकवाल्या बाई दुकानात आल्या त्या लेख मागायला आल्या नव्हत्या. त्यांच्या लॅपटॉपवर प्रश्नचिन्ह उमटत नव्हतं आणि अंकातल्या मुलाखती तशाच अडकून पडल्या होत्या. मी मशीन उलटं केलं, चापट मारली, मग ते बटण उचकटून खालून बाकरवडीचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. बाई ओशाळल्या. जाताना म्हणाल्या, आबा, तुमच्या कामाविषयी लिहून द्या की. मी म्हणालो, चौथी शिकलेल्या माणसाला काय लिहायला सांगता. त्या म्हणाल्या, नसेल जमत तर राहू द्या.

हे "नसेल जमत" मला सोसत नाही. म्हणून लिहितोय, आणि माझ्या हातानं टाईप करतोय. शुद्धलेखन बाईंनी बघावं. मजकुराला हात लावू नये.

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान आहे. पाटीवर एकच शब्द, कीबोर्ड. बॅटरी, पडदा, पंखा यातलं मी काही करत नाही. लोक म्हणतात, आबा, एवढ्यावर चालतं का? चालतं. आख्ख्या पट्ट्यात, पिंपरीपासून चाकणपर्यंत, माणूस दिवसभर काय करतो? बटणं दाबतो. दाबलेलं उमटलं नाही की त्याचा जीव जातो, मग तो माझ्याकडे येतो.

मूळचा मी बार्शीकडचा. इकडे आलो तो टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मास्तरांकडे पिशवी धरायला. त्या काळी एकेका कंपनीच्या ऑफिसात टाइपरायटरांच्या रांगा असायच्या. सायकलवर पिशवी अडकवून आम्ही पिंपरी, भोसरी करायचो. इंग्रजी मला येत नव्हतं, आजही येत नाही म्हणा. पण अक्षर वाचता येण्याआधी मला त्याची जागा पाठ झाली. डोळ्याला फडकं बांधा, मी बटण सांगतो. टाइपरायटर गेले, तेव्हा माझ्या जोडीचे सगळे दुसऱ्या धंद्याला लागले. मी हटून बसलो. म्हणालो, यंत्र बदललं तरी बटणांची जागा तीच आहे ना, मग मी कशाला हलू. हलावं लागलं नाही.

आता हलक्या लॅपटॉपविषयी सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावर आहे. हल्ली मशीन फायलीसारखं काखेत मारून नेतात. वजन कमी झालं ते कुठून झालं, याचा कुणी विचार करत नाही. बटणंही कमी केली. बटणं कमी केली पण कामं तेवढीच, म्हणून एकेका बटणात दोन-दोन, तीन-तीन कामं कोंबली. एका खोलीत तीन भाडेकरू. सगळ्यात वरची ओळ बघा. एफ-वन, एफ-टू असं लिहिलेलं असतं आणि त्याच बटणावर सूर्याचं, कर्ण्याचं चित्रही असतं. नुसतं दाबलं की एक भाडेकरू बाहेर येतो. कोपऱ्यातलं एफएन नावाचं बटण धरून दाबलं की दुसरा येतो. पहिला कोण आणि दुसरा कोण, हे सेटिंगमध्ये ठरतं. निम्मी भांडणं इथली.

मोशीचे एक बागायतदार होते. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि यांनी सगळ्यात पातळ लॅपटॉप घेतला. रागारागानं आले आणि म्हणाले, "आबा, माझं नाव लिवलं तर आकडे उमटत्यात. म्या नाव लिवतोय का गट नंबर?" त्या छोट्या मशीनवर आकड्यांचं वेगळं खोकं नव्हतं, अक्षरांच्या पोटातच आकडे होते. त्यांच्या हातून नमलॉक लागलं होतं. एक बटण दाबलं, काम झालं. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, एवढंच असंल तर मशीन बिघडलंच नव्हतं. मी म्हणालो, मशीन बिघडत नाही, भाडेकरू बदलतात.

दुसरे आळंदीचे एक तरुण महाराज. कीर्तनाची टिपणं लॅपटॉपवर लिहायचे. लिहिता लिहिता मराठीचं इंग्रजी व्हायचं. दोन दुकानांनी मशीन पुसून नव्यानं भरून दिलं, तरी तेच. मी त्यांना काही विचारलं नाही. फक्त म्हणालो, बसा आणि लिहा. महाराज मांडी घालून बसले, मशीन मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताचा तळवा कोपऱ्यावर टेकवला. तिथं ऑल्ट आणि शिफ्ट जवळ जवळ. दोन्ही एकदम दाबली की भाषा बदलते. मी तो शॉर्टकट काढून दुसरीकडे बसवला. महाराजांनी मला नमस्कार केला. मीही करू दिला.

त्या दिवशी मी हात बघितला होता, एवढं लक्षात ठेवा. कारण पुढे मी ते विसरलो.

यश डोक्यात जातं. न्हावी दाढी झाल्यावर न विचारता मान मोडून देतो, तशी मला सवय लागली. लॅपटॉप कशासाठीही येवो, परत देताना मी काही कामं न सांगता करून द्यायचो. फटींतली धूळ काढायची. भाषा बदलायचा शॉर्टकट काढायचा. वरच्या ओळीत उजेड आणि आवाज नुसत्या बोटावर आणून ठेवायचा, कारण दहातल्या नऊ जणांना तेच लागतं. आणि शिफ्टची पाटी कायमची बंद करायची.

ही पाटी सगळ्यांनी बघितलेली असते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की टूक असा आवाज येतो आणि पडदा विचारतो, स्टिकी कीज चालू करू का? माणूस घाईत हो म्हणतो आणि मग बटणं भलतंच वागायला लागतात. मी ते शेकडो मशीनवर बंद केलं असेल. तो टूक आवाजसुद्धा मला आवडायचा नाही. लोक घरी जाऊन फोन करायचे, आबा, मशीन लोण्यासारखं झालंय. मला वाटायचं, आपल्याइतकं कुणाला कळत नाही.

गेल्या वर्षी एका शनिवारी सिद्धार्थ आला. पस्तिशीचा माणूस, अंगात जर्किन, उजवा हात खिशात. डाव्या हातानं लॅपटॉप काउंटरवर ठेवला. चाकणच्या कंपनीचा होता, डिस्पॅचच्या टेबलावरचा. चहा सांडून एंटर चिकटत होतं. सोमवारी सकाळी हवा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आबा, फक्त एंटरचं बघा. बाकी आहे तसं राहू द्या."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. मी म्हणालो, "माझ्या दुकानात उभं राहून मला शिकवू नको."

गिऱ्हाईकं हसली. तोही कसनुसा हसला. खिशातला हात काही त्यानं काढला नाही, आणि मी काही विचारलं नाही. एंटर खोलून धुतलं, नवी रबरी टोपी बसवली. मग सवयीनं माझी सगळी कामं केली. वरची ओळ बदलायची सोय त्या मशीनमध्ये नेहमीच्या जागी नव्हती. मशीन सुरू होताना एक निळं पान उघडतं, त्यात जाऊन ती बदलावी लागते. भल्याभल्यांना ते पान सापडत नाही. मला सापडलं, म्हणून मी खूष होतो. संध्याकाळी तो मशीन घेऊन गेला.

बुधवारी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतोय तोवर एक बाई स्कूटी लावून आत आल्या. गिरणीत दळण ठेवून आलेले दोघे-तिघे नेमके माझ्या बाकावर बसलेले. बाई म्हणाल्या, मी वैशाली, शनिवारी माझ्या मिस्टरांचा लॅपटॉप तुम्ही दुरुस्त केला.

"केला," मी म्हणालो. "एंटर एक नंबर चालतं."

"एंटर चालतं, आबा. माझा नवरा चालेनासा झालाय."

मग तिनं सांगितलं. सिद्धार्थ त्या कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होता. प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीनं त्याला डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं, पण बघू म्हणून. गाडी भरली की तिची नोंद करायची, गेटपास छापायचा. जमलं तर टेबल त्याचं. नाही जमलं तर गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं, तेही ठेकेदाराच्या नावावर, म्हणजे कंपनीचा माणूस म्हणून तो संपला. उजवा हात टेबलाला टेकला तरी अजून कळा यायच्या, म्हणून सगळं डाव्या हातावर. वैशाली पिंपरीत एका वकिलांकडे टायपिंग करते. तिनं त्याच्यासाठी मशीन बसवून दिलं होतं. मी जी पाटी शेकडो ठिकाणी बंद केली, तीच तिनं मुद्दाम चालू केली होती. ती असली की दोन बटणं एकदम धरावी लागत नाहीत. शिफ्ट दाबा, सोडा, मग सावकाश दुसरं बटण दाबा. मशीन धरून ठेवतं. एका हातानं काम करणाऱ्या माणसासाठीच ते केलेलं आहे. आणि वरच्या ओळीतले एफ-वन, एफ-टू त्याच्या मशीनवर एफएन न धरता चालायचे, कारण नोंद पक्की करायला शिफ्ट आणि एफ-टेन लागायचं; मी तिथं उजेड आणि आवाज आणून बसवले होते.

मी म्हणालो, असं होणार नाही, माझ्या हातून असं होत नाही.

ती चिडली नाही. काउंटरवर एक दुरुस्त झालेला तसाच पातळ लॅपटॉप होता, माझी सगळी कामं केलेला. तो तिनं माझ्याकडे वळवला.

"उजवा हात खिशात घाला, आबा."

बाकावरचे बघत होते. मी हात खिशात घातला.

"आता शिफ्ट, एफएन आणि एफ-टेन. एकदम."

शिफ्ट उजवीकडेही असतं, पण एफएन एकच, खाली डाव्या कोपऱ्यात. एफ-टेन वर उजवीकडे. करंगळीनं एफएन धरलं, अंगठा ताणला, बोट वर पोचेना. पोचलं तर करंगळी सुटली. मशीन सरकून काउंटरवरून खाली येता येता राहिलं. तीनदा केलं. पन्नास वर्षं बटणांवर काढलेला हात, पण त्याला एक गाडी सोडता आली नाही. बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, आबा, राहू द्या. त्या "राहू द्या"नं मी आणखी एकदा केलं, आणि पुन्हा नाही जमलं.

"ते कसं करत होते?" मी विचारलं.

"हनुवटीनं," वैशाली म्हणाली. "हनुवटीनं एफएन दाबायचं आणि हातानं बाकीचं. तिथला एक जण म्हणाला, काय राव, लॅपटॉपचा मुका घेतो काय? दोन दिवस मला सांगितलं नाही. काल घरी आणून भिंतीकडे तोंड करून बसले होते, तेव्हा मी बघितलं. म्हणाले, मशीन आबांनी नीट करून दिलंय, म्हणजे माझाच हात कमी पडतोय. हाताला शिकवतोय."

मी आयुष्यात पुष्कळ मशीन बिघडवली आहेत, शिकताना सगळेच बिघडवतात. पण माझ्या नावामुळे एखादा माणूस स्वतःच्या हाताला दोष देत भिंतीकडे तोंड करून बसेल, हे मला ठाऊक नव्हतं.

शिफ्टचं तिनं रात्रीच परत चालू केलं होतं. वरची ओळ मात्र तिला सापडली नव्हती, कारण ते निळं पान. आणि एफएनला दाबून सोडायची सोय लागू पडत नाही, ते धरूनच ठेवावं लागतं. सिद्धार्थ सकाळच्या पाळीला मशीन घेऊन गेला होता. गेटबाहेर गाड्या तुंबतात म्हणून साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या दुपारपर्यंत बघतो, नाहीतर जेवणानंतर गेटवर जा.

मी शटर ओढलं. गिरणीवाल्याला म्हणालो, कुणी आलं तर सांग आबा चाकणला गेलाय, चूक दुरुस्त करायला. तो म्हणाला, कुणाची? मी म्हणालो, दळण बघ तू.

स्कूटीवर मागे बसलो आणि मोशी ओलांडली. ट्रकांच्या मधून ती बाई अशी गाडी काढत होती की मी डोळेच मिटले. आणि डोळे मिटल्यावर मला टाइपरायटर दिसला. त्याच्या डाव्या बाजूला शिफ्टच्या वर एक छोटी कळ असायची. ती दाबली की शिफ्ट खालीच अडकून राहायचं, बोट मोकळं. शिफ्ट लॉक. माझ्या या हातांनी तिच्या किती स्प्रिंगा बसवल्या असतील. जुन्या लोकांनी ती कळ बोटाला विसावा म्हणून ठेवली होती, आणि तेच काम संगणकानं केलं तर मी त्याला रोग समजून उपटत बसलो होतो.

कंपनीच्या दारात सहा-सात ट्रक उभे. वॉचमनला वैशालीनं काय सांगितलं कोण जाणे, त्यानं मला एकट्याला आत सोडलं. डिस्पॅचच्या खोलीत सिद्धार्थ मशीनवर वाकला होता. हनुवटीवर लाल वण. मागे साहेब उभे, हातात कागद. खिडकीतून एक ड्रायव्हर विचारत होता, भाऊ, आज सोडणार का उद्या?

मी म्हणालो, साहेब, मशीन पाच मिनिटं बंद करावं लागेल. साहेब म्हणाले, "तुम्ही कोण? गाड्या उभ्या आहेत, आणि आता मशीन बंद करता?"

मी आजवर कुणापुढे मान खाली घातलेली नाही. मास्तरांनी एकदा चुकीचं ओरडल्यावर आठ दिवस कामावर गेलो नव्हतो. पण तिथं उभ्या उभ्या म्हणालो, "मेकॅनिक आहे. हे मशीन मी बिघडवलंय. यानं सांगितलं होतं हात लावू नका, मी ऐकलं नाही. याचा हात बघू नका, माझं काम बघा. पाच मिनिटांत झालं नाही, तर दोघांनाही गेटवर उभं करा."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मी ते हो समजलो.

मशीन बंद केलं, चालू केलं, निळं पान उघडलं, ओळ होती तशी केली. मग आत जाऊन वैशालीनं चालू केलेलं तपासलं. त्यात एक बारीक खूण असते, दोन बटणं चुकून एकदम दाबली गेली की सगळी सोय आपोआप बंद पडते. ती तिच्याकडून राहिली होती, ती काढून टाकली. मी उठलो आणि खुर्ची सिद्धार्थला दिली.

त्यानं गाडीचा नंबर भरला. शिफ्ट दाबून सोडलं. टूक. सावकाश हात उचलून एफ-टेन दाबलं. छपाईचं यंत्र घरघरलं आणि गेटपास बाहेर आला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात घालून तो जवळजवळ ओढूनच घेतला. सिद्धार्थनं दुसरी गाडी घेतली. टूक. तिसरी. साहेब दोन गाड्यांपर्यंत थांबले, मग कागद घेऊन आत गेले.

सिद्धार्थ माझ्याकडे बघत नव्हता. उजवा हात त्यानं खिशातून काढून मांडीवर ठेवला होता, त्याच्याकडे बघत होता.

"म्हणजे हात बरा होता," तो म्हणाला.

मी म्हणालो, हात बरा होता. आणखी काही म्हणायचं होतं, ते गाड्यांच्या आवाजात राहून गेलं. महिनाअखेरीला वैशालीचा फोन आला, टेबल त्याचं झालं. मी म्हणालो, माझ्या दुरुस्तीमुळे झालं. ती म्हणाली, "आबा, तुमच्यामुळे जाता जाता राहिलं." बाई तोंडानंही फटकळ आहे, टायपिंगनंही. मला आवडली.

आता दुकानात एक खुर्ची जास्त आहे. लॅपटॉप आला की मी गिऱ्हाइकाला बसवतो आणि म्हणतो, तुमचं नाव-गाव लिहा. मी मशीनकडे बघत नाही, हाताकडे बघतो. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची नखं लांब, कुणी दोन बोटांवर आयुष्य काढलेलं. घाईची माणसं कुरकुरतात. मी म्हणतो, घाई असेल तर दुसरं दुकान बघा. अडाणीपणा गेला तरी हट्ट राहिलाच, तो काही सेटिंगमध्ये सापडत नाही.

या गणपतीत सिद्धार्थचा लॅपटॉप पुन्हा आला. डावं शिफ्ट झिजून गुळगुळीत झालेलं, वरचा बाण पुसलेला, एक कोपरा उचललेला. वर्षभरात त्या एका बटणावरून किती ट्रक बाहेर पडले असतील कोण जाणे. माझ्याकडे तसं बटण होतं. जुनं काढलं, नवं बसवलं. फटींत धूळ दिसत होती. हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू. पण बाकी कशालाही हात लावला नाही.

मशीन त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, बघून घे. त्यानं डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं आणि नवं शिफ्ट दाबून सोडलं.

टूक वाजलं. मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं.